पंगत उठेपर्यंतचा पूल

देवानंद टेंभुर्णे यांनी तो पूल पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्यांचे केस काळे होते. सहाव्यांदा लिहिला तेव्हा काळे नव्हते, आणि खरं सांगायचं तर फारसे नव्हतेच.

वैनखेड जिल्हा परिषदेत ते मजकूर सहायक होते. पूर्वी ज्याला बाबू म्हणायचे आणि अजूनही म्हणतात, तेच. जिल्ह्याची सगळी कामं साध्या मजकुरात टाइप करायची, एवढीच त्यांची नोकरी. ओळीच्या आधी जाळीचं चिन्ह टाकलं की नवी स्लाइड. आडवी रेघ टाकली की त्या स्लाइडवरचा मुद्दा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी लावली की तो ठळक. बाकी रंग, चित्रं, अक्षरांचा आकार यांत माणसानं नाक खुपसायचं नाही, ते 'मांडणी' नावाचं यंत्र बघून घ्यायचं. टेंभुर्ण्यांना ही पद्धत मनापासून आवडायची. तरुणपणी एका साहेबांच्या आवडीचा गुलाबी रंग शोधण्यात त्यांनी अख्खा मार्च महिना घातला होता. साध्या मजकुरात गुलाबी नसतो.

भानगड झाली ती यंत्राला डोळे फुटल्यावर.

संशोधकांना पक्कं ठाऊक झालं होतं की माणसाला एखाद्या गोष्टीत रस वाटला की त्याच्या डोळ्याची बाहुली मोठी होते. फार नाही, मिलिमीटरचा एखादा तुकडा, तोही सेकंदाभरात. पण ते माणसाच्या हातात नसतं. मान डोलावता येते, तोंडानं 'छान, छान' म्हणता येतं, बाहुलीला मात्र शिकवता येत नाही. उजेडानंही ती लहान-मोठी होते, म्हणून पडद्याचा उजेड यंत्र आधी वजा करायचं. सभागृहाच्या भिंतींत हरभऱ्याएवढे कॅमेरे बसले, आणि स्लाइडवरच्या प्रत्येक ओळीला सभेनं शंभरपैकी किती लक्ष दिलं ते मोजलं जाऊ लागलं. लागोपाठ तीन सभांत दहाच्या खाली गेली की ती ओळ मजकुरातून आपोआप गळायची. ज्यात कुणाला रसच नाही त्यावर सभेचा वेळ कशाला घालवा, असा साधा हिशेब होता, आणि पहिल्या वर्षी सभा खरंच दोन तासांत आटपू लागल्या. सगळे खूश.

दुसऱ्या वर्षी कुणीतरी आणखी शहाणपणा केला. मंजुरीचे आदेश, निविदा, नकाशे, सगळं त्याच एका मजकुरातून तयार व्हायला लागलं. 'एकच मजकूर, एकच सत्य' अशी पाटी सभागृहाच्या दारावर लागली. त्यामुळे ओळ गळली की काम गळायचं. कुणी नाकारायचं नाही. नाकारायला आधी वाचावं लागतं.

गटारं गळली. शाळांची छपरं गळली, म्हणजे गळत होतीच, आता कागदावरूनही गळली. पाच वर्षांत वैनखेड जिल्ह्यात नऊ संगीत कारंजी झाली आणि त्यातल्या सहांना पाणी नव्हतं.

त्या गळणाऱ्यांमध्ये कोसमी नाल्यावरचा पूल होता. नाल्यापलीकडे बेहडटोला, एकतीस घरांची वस्ती, आणि त्यातल्या एका घरात टेंभुर्ण्यांची मोठी बहीण कुंदाताई, शाळेत खिचडी शिजवणारी. शाळा अलीकडे, रेशन अलीकडे, दवाखाना अलीकडे. आषाढात नाला भरला की टोला चार महिने बेट होऊन बसायचा. गेल्या पावसाळ्यात कुंदाताईच्या नवऱ्याचा, दामोदर भाऊजींचा पाय मोडला. नऊ दिवस पाणी उतरलं नाही. तोवर पायानं आपल्या मनानं जुळून घेतलं, जरा पश्चिमेकडे तोंड करून. राखीला कुंदाताई पलीकडच्या काठावर उभी राहायची आणि राखी गोट्याला गुंडाळून भावाकडे भिरकावायची. एका वर्षी ती टेंभुर्ण्यांच्या कपाळाला बांधली गेली. तीन टाके पडले.

आधी ती दर फोनला विचारायची, पुलाचं काय झालं. दोन वर्षांपासून तिनं विचारणं सोडलं होतं. टेंभुर्ण्यांच्या जिवाला लागलं होतं ते हे. टाके नव्हे.

त्यांनी उपाय केले नव्हते असं नाही. एका वर्षी त्यांनी पुलाच्या ओळीत वाघ घातला. 'कोसमी नाल्यावर पूल बांधणे, परिसरात वाघाचा वावर.' वाघ अगदीच खोटा नव्हता, कधीकाळी एकदा दिसला होता. ओळीला नव्वद गुण पडले. पण यंत्र ओळीतले फक्त डोळे खिळलेले शब्द ठेवायचं आणि बाकीचे छाटायचं. पूल छाटला गेला, वाघ राहिला. वनखात्यानं टोल्याभोवती चाळीस कॅमेरे लावले आणि वाघाला त्रास नको म्हणून गावानंच उठून जावं, अशी नोटीस दिली. चौदा महिन्यांनी साहेब लोकांना वाघाचाही कंटाळा आला, तेव्हा कुठे ती ओळ गळून टोला वाचला.

पुढल्या वर्षी त्यांनी 'पालकमंत्र्यांच्या हस्ते' असं घातलं. बाहुल्या बशीएवढ्या झाल्या. त्या रसानं झाल्या नव्हत्या, भीतीनं झाल्या होत्या. भीतीनंही बाहुली मोठी होते आणि यंत्राला त्यातला फरक कळत नव्हता. पूल गळला, 'हस्ते' मंजूर झालं. नाल्याकाठी मांडव पडला, नारळ फुटला, कोनशिला बसली. टोल्यातल्या बाया तिच्यावर कपडे आपटतात. दगड चांगला आहे.

सहाव्यांदा पूल गळला तो ज्येष्ठातल्या एका सोमवारी. टेंभुर्णे मागच्या टेबलाशी बसून आकडे बघत होते. पुलाला तीन गुण. त्याच सभेतल्या शेवटच्या स्लाइडला, 'दुपारचे भोजन, दुसरा मजला', सत्त्याण्णव.

रविवारी ते नाल्यावर गेले. पहिलं पाणी आलेलं होतं, गुडघाभर, गढूळ. पलीकडे कुंदाताई उभी होती. एकमेकांना दिसत असूनही दोघं फोनवर बोलले, कारण नाला बोलू देत नव्हता.

"सांगू नोको," ती म्हणाली. "तू सोता आला म्हणजेच गळला."

"पुन्हा लिहितो ना ताई."

"लिही न बापा. तुह्या लिहिण्यानं कोणाचं का बिघडते?" मग तिनं विचारलं, "तुमचे साहेब लोक डोळे उघडून पाहतेत तरी काय?"

"जेवण," टेंभुर्णे म्हणाले.

"मंग आमच्याकडे बोलाव जेवाले. येतेत का पोहत?"

ती टोमणा मारून घराकडे वळली. टेंभुर्णे फोन कानाला लावून तसेच उभे राहिले. सहा वर्षं ते पुलाला सजवत बसले होते आणि जेवण दुसऱ्या मजल्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळ लिहिली. जाळीचं चिन्ह, मग: 'आढावा सभेनंतरचे भोजन.' खाली आडव्या रेघा. 'गावरान *कोंबडा*, लांब रोट्या, वांग्याची भाजी.' 'स्थळ बेहडटोला, कोसमी नाल्याच्या पलीकडे.' 'जाण्यासाठी नाल्यावर *पूल*, पंगत उठेपर्यंत.' शेवटचे दोन शब्द त्यांनी का घातले ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. जेवणाचं लिहिताना हात आपोआप तसा चालला असावा. आमंत्रणात माणूस लिहितोच.

आषाढ संपायला आला होता. पुढे अख्खा श्रावण, म्हणजे सभागृहातल्या निम्म्या लोकांसाठी कोंबडा एक महिना बंद. स्लाइड आली आणि टेंभुर्ण्यांनी तेवीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं असं काहीतरी पाहिलं. सभा वाचत होती. डोळे कोंबड्यावर गेले, तिथून स्थळावर, स्थळावरून 'पलीकडे'वर अडखळले आणि धापा टाकत पुलावर आले. कोंबडा नव्व्याण्णव, पूल अठ्ठ्याण्णव. कृषी अधिकाऱ्यांनी उठून पूल कधीपर्यंत होईल असं विचारलं. त्यांनी सभेत प्रश्न विचारल्याची ती पहिलीच वेळ.

नऊ मिनिटांत आदेश निघाला. घडीचा लोखंडी पूल, ट्रकवरून आणून एका दिवसात बसवायचा. टेंभुर्ण्यांनी आदेश वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि खुर्चीत बसले. 'वापर: पंगत उठेपर्यंत. पंगत उठताच पूल काढून जमा करावा.'

ते मुख्य कार्यकारी अधिकारी सोलंकी मॅडमकडे गेले. मॅडम तिशीतल्या, चष्मा लावणाऱ्या, आणि या जिल्ह्यात येऊन दीड वर्षातच साठीच्या माणसासारख्या बोलू लागलेल्या. शेवटची ओळ काढता येईल का, असं टेंभुर्ण्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, मंजूर मजकूर मलाही बदलता येत नाही, तुम्हालाही नाही, तो फक्त गळू शकतो. 'पूल कायम ठेवणे' अशी नवी ओळ घालून बघा. टेंभुर्ण्यांनी त्याच सभेच्या शेवटी घातली होती. दोन गुण.

"ही 'पंगत उठेपर्यंत'ची सूचना कुणाची होती?" मॅडमनी विचारलं.

"माझीच," टेंभुर्णे म्हणाले.

बुधवारी पूल बसला. पठाण मिस्त्री आणि त्याची चार माणसं, क्रेन, बारा नट आणि भरपूर शिव्या. पलीकडच्या टोकाला त्यानं एक खांब रोवला आणि त्यावर कॅमेरा बसवला. पंगत चालू आहे की उठली, ते यंत्र ताटावरची माणसं मोजून ठरवणार होतं. दुपारी साहेब लोक आले, पुलावरून चालत गेले, काहींनी फोटो काढले. टोल्यानं चांगलं वाढलं. सोलंकी मॅडमनी वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली, आणि दामोदर भाऊजी वाढायला आले तेव्हा पायाला काय झालं म्हणून विचारलं. भाऊजींनी सांगितलं. मॅडमची रोटी ताटात तशीच राहिली.

जेवण झालं, हात धुतले गेले, गाड्या गेल्या. पठाण मिस्त्री पाना घेऊन आला.

"बाई, पंगत उठली का जी?"

टेंभुर्णे मान खाली घालून उभे होते. बहिणीला शेवटची ओळ त्यांनी सकाळीच सांगितली होती. ते ऐकून ती जास्तीचे तांदूळ काढायला आत गेली होती.

आता तिनं पंगतीकडे बोट दाखवलं. चाळीस उष्ट्या ताटांच्या टोकाला दामोदर भाऊजी वाकडा पाय पसरून बसले होते, समोर वाफाळता भात.

"एक माणूस जेवून राहिला न भाऊ," ती म्हणाली. "शेवटचा जेवल्याबिगर पंगत उठते का कुठं? तुह्या घरी उठते?"

मिस्त्री विचारात पडला. त्याच्याही घरी उठत नसे. त्यानं फोन बघितला. पडद्यावर लिहिलं होतं: 'पंगत चालू. एक मान्यवर.' त्यानं पाना खाली ठेवला. कुंदाताईनं त्याच्याही समोर ताट मांडलं.

भाऊजींचं होईस्तोवर शेजारचा येऊन बसला. त्याचं होईस्तोवर त्याची सून. संध्याकाळपर्यंत टोल्यानं पाळ्या लावल्या, एकतीस घरं, घरामागे दोन तास. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. कोंबडा पहिल्याच दिवशी संपला, मग वरण-भात, मग नुसता भात आणि मीठ. कुणी पोटभर जेवून पाळीवर यायचं नाही, असा नियम झाला. शनिवारी एकाला ताटावरच डुलकी लागली, आणि तेवढ्यात एक बकरी येऊन जेवली. यंत्रानं तिलाही मान्यवरांत मोजलं. त्यानंतर बकरी राखीव म्हणून जवळच बांधून ठेवली. पठाण मिस्त्री रोज सकाळी तेच विचारायचा, तेच ऐकायचा आणि जेवायला बसायचा. त्याचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला.

पण एकतीस घरं किती दिवस बसून जेवणार? लावणी तोंडावर होती. पाळीवर असलेला माणूस शेतात नसायचा. टोल्यात कुरबूर सुरू झाली. पूल पाहिजे का धान पाहिजे, असं एक म्हातारी कुंदाताईला तोंडावर म्हणाली.

टेंभुर्ण्यांनी सहा वर्षांत ओळी सजवल्या होत्या. ओळ मारायची कशी, हा विचार त्यांनी पहिल्यांदा त्या रविवारी केला. मॅडम म्हणाल्या होत्या, मजकूर फक्त गळू शकतो. मग गळू दे की. पूल, पंगत आणि तो काढायचा हुकूम, हे सगळं एकाच ओळीत होतं. ती गळली तर पूल कागदावर उरणार नाही, आणि जो पूल कागदावर नाही तो काढायचा हुकूम कुणाच्या फोनवर असेल?

मंजूर ओळ काम मिटेपर्यंत दर सोमवारच्या सभेत दाखवली जायची. तीन सभा. दहाच्या खाली. जगातली सगळ्यात कंटाळवाणी स्लाइड बनवायची होती आणि त्या कामाला टेंभुर्ण्यांइतका लायक माणूस जिल्ह्यात नव्हता.

ओळ बदलता येत नसली तरी स्लाइडांचा क्रम त्यांच्या हातात होता. त्यांनी ती चौसष्टावी लावली, जुन्या लोखंडी कपाटांच्या निर्लेखनाच्या मागे आणि स्टेशनरीच्या तिमाही गोषवाऱ्याच्या पुढे. चांदण्या यंत्रानं मंजुरीबरोबरच काढल्या होत्या, ठळक काही उरलं नव्हतं. ते निवांत बसले. ओळ आली आणि आकडा चढायला लागला. एकाहत्तर.

टेंभुर्ण्यांनी आकडा पुन्हा वाचला. मग त्यांनी सभागृहाकडे नीट पाहिलं. पहिला श्रावणी सोमवार होता. निम्मी सभा सकाळपासून उपाशी होती आणि पडद्यावर 'पंगत' असा शब्द आला होता. कृषी अधिकाऱ्यांनी तर आवंढा गिळला.

दुसऱ्या सोमवारी त्यांनी फराळ आधी घ्यायला लावला. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी, वर केळं. चौसष्टावी स्लाइड आली तेव्हा सभा जागी होती, पण तांत्रिकदृष्ट्या. सहा गुण. तिसऱ्या सोमवारी त्यांनी भगर वाढवली. चार गुण, आणि त्यातले दोन तर कपाटांकडून चुकून आलेले असावेत.

टोला टेकीला आला होता. पाळ्या आता तीन-तीन तासांच्या झाल्या होत्या, अर्धी लावणी बाकी होती. कुंदाताईनं रविवारी फोन केला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"देवा, होईन का रे पूल?"

"उद्या कळेल," ते म्हणाले. याहून जास्त बोलायला ते घाबरले.

चौथा सोमवार. खिचडी, भगर, राजगिऱ्याची पुरी. त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले, पंख्याचा वेग कमी केला. कपाटांची स्लाइड आली तेव्हा कृषी अधिकारी घोरत होते. चौसष्टावी आली. आकडा दोनवर थांबला. मग तीन. सात. अकरा.

टेंभुर्ण्यांनी मान वर केली. सगळ्या सभेत एकच माणूस वाचत होतं. सोलंकी मॅडम. ओठ न हलवता, ओळ पहिल्यापासून शेवटापर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. चौदा. एकोणीस. एका माणसाचे डोळे, पण मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या डोळ्यांना यंत्र दहा डोळ्यांचं वजन द्यायचं. ते कलमही टेंभुर्ण्यांनीच कधीतरी टाइप केलं होतं.

त्यांना ओरडावंसं वाटलं. ओरडून काय सांगणार होते, बघू नका? सरकारी सभेत?

मॅडमनी मान वळवली. मागच्या टेबलाकडे, त्यांच्याकडे पाहिलं. टेंभुर्ण्यांनी उभं राहून हात जोडले नाहीत की काही नाही. ते फक्त फार थकलेले दिसत होते, आणि ते नाटक नव्हतं. मॅडम क्षणभर बघत राहिल्या. मग पुढे वळल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि दोन्ही डोळे मिटून घेतले.

आकडा उतरला. अकरा. आठ. पाच. स्टेशनरीचा गोषवारा आला.

मॅडमनी डोळे लगेच उघडले नाहीत. त्यांना कदाचित खरंच झोप लागली असावी, दीड वर्षाची राहिली होती. टेंभुर्णे मजकूर उघडून बसले. कपाटांच्या खाली आता थेट स्टेशनरी होती. मध्ये काही नव्हतं, कधी असल्याची खूणही नव्हती.

ते व्हरांड्यात गेले आणि फोन लावला. कुंदाताईनं उचलला. मागे मिस्त्रीचा आवाज येत होता, तो कुणाला तरी सांगत होता की माझ्या फोनवरचं कामच दिसेना झालं जी, आता मी इथं काहून बसलो म्हणून लिहू?

"ओळ गेली, ताई," टेंभुर्णे म्हणाले.

मग तिनं फोन खाली धरला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला. पाळीवर भाऊजी होते.

"उठा जी आता," ती त्यांना म्हणाली. "हात धुवा."

"थांब न," भाऊजी म्हणाले. "घासभर भात राहिला, तेवढा खाऊन उठतो."